वळणावरचा कोझोलेत

लिपोव्का, २५ ऑगस्ट

आदरणीय विंकोकाका,

नमस्कार. पाकिटावर मागच्या बाजूला माझं नाव टाकलेलं नाही, कारण टाकलं असतं तर तुम्ही ते न उघडताच नर्सकडे परत दिलं असतंत. मी तिलेन, वखारीतला. फोन तुम्ही दोनदा कापलात म्हणून पत्र. पत्र कापता येत नाही, फाडता येतं. पण तुम्ही फाडण्याआधी वाचता, असं ऐकून आहे.

नव्या खुब्याशी आता ओळख झाली असेल. गरम पाण्याच्या हौदात तुम्हाला रोज उतरवतात आणि तुम्ही तिथल्या मुलीला रोज ओरडता, असं उर्शा माझ्या आईला सांगत होती. मी शेजारी सायकलची चेन बसवत होतो, त्यामुळे कानावर पडलं.

इकडे सगळं ठीक. नाशपाती पिकून खाली पडायला लागल्यात, गांधीलमाश्यांची चंगळ आहे. तुमच्या मधमाश्यांना साखरेचं पाणी घालणं सुरू केलंय. एकदा मी घातलं. एकीनं थेट पापणीला डंख मारला, म्हणजे तुमचं माझ्याबद्दलचं मत त्यांच्यापर्यंत पोचलेलं आहे. खालच्या कुरणाची दुसरी कापणीही झाली. आई, उर्शा आणि मी, तिघांनी मिळून गवत वाळायला कोझोलेतच्या आडव्या दांड्यांवर चढवलं, तळाच्या दांडीपासून वर, टोकं रस्त्याकडे लोंबू न देता, तुम्हाला लागतं तसंच. वर कौलं आहेत म्हणून पाऊस आला तरी भिजायचं नाही. उर्शानं दोन दांड्यांवरचं उपसून पुन्हा घातलं, म्हणाली, बाबा आले की पहिल्यांदा हेच बघतील.

आता ते दुसरं. जुलैत आगीच्या बंबवाल्यांच्या जत्रेत मी जे बोललो ते. बँड नेमका तेव्हाच थांबला, म्हणून सगळ्या गावानं ऐकलं. नाहीतर माझं वाक्य तुम्ही आणि मी, दोघांतच राहिलं असतं. तुमच्या कुजक्या लाकडापायी पोरं मरायची वाट बघताय का, असं मी म्हणालो. तुम्ही बिअरचा ग्लास तसाच ठेवून उठलात. तुमच्या जागी मी असतो तर तो ग्लास माझ्या डोक्यात घातला असता. लाकूड कुजकं नाही. ओक आहे, मी वखारीत काम करतो, मला कळतं. तेवढा शब्द मागे घेतो. बाकीच्या वाक्याचं काय करायचं त्यासाठीच हे पत्र आहे.

चर्चपासून शाळेपर्यंत फुटपाथ झाला त्याला दोन वर्षं होतील. चांगला रुंद आहे, कडेला दगड आहेत. तुमच्या कोझोलेतपाशी येऊन तो थांबतो, आणि कोझोलेत संपला की पुन्हा सुरू होतो. मधल्या तुकड्यात पोरांनी रस्त्यावर उतरायचं. एका अंगाला तुमचे खांब, दुसऱ्या अंगाला खाणीचे ट्रक आणि पुढे लगेच वळण. दांड्यांवर गवत वाळत असलं की ट्रकवाल्याला पोरं दिसत नाहीत आणि पोरांना ट्रक दिसत नाही. उर्शा सायकलवाल्या पोरांची आगगाडी काढते, पुढे ती, मागे कुणीतरी मोठं माणूस, मध्ये पोरं एकामागे एक. तिलाही तिथे सगळ्यांना उतरवून सायकली हातानं ढकलत न्याव्या लागतात. सुट्टीवर गेलेल्या पोस्टमनच्या जागी एक नवखा माणूस आला होता, तो मला विचारत होता, इथे सिमेंट संपलं होतं का.

मी हसलो नाही. मला राग आला, आणि राग आला की मी कुठेतरी चालू लागतो. चालता चालता घरोघर गेलो आणि सगळ्यांना एकच विचारलं, की फुटपाथ आखताना विंकोकाकांना जागेचं कुणी विचारलं होतं?

गावसमितीचा मात्यश म्हणाला, फादरनी विचारलं असणार, ते मध घ्यायला त्यांच्याकडे जातात. फादर म्हणाले, छे छे, ते द्रागोचं काम, बंबवाल्यांचा प्रमुख आहे, शिवाय विंकोच्या बाकावर बसायचा शाळेत. द्रागोकाका म्हणाले, "घरच्यांनी विचारलं असेल की. मी कशाला मध्ये पडू? चिडला तर पुढची वीस वर्षं बोलायचा नाही." घरच्यांना, म्हणजे उर्शाला, मी विचारलं नाही. मोजणीवाला आला तेव्हा मात्र सगळ्यांनी एकमतानं त्याला सांगितलं होतं, तेवढं सोडून द्या, नंतर बघू.

आपल्या गावात माणसाचा मान असा ठेवतात. त्याला विचारायचंच नाही, आणि तो नाही म्हणाला असं धरून चालायचं. मीही तेच केलं. जत्रेत तुमच्या नकाराबद्दल तुम्हाला बोललो, आणि नकार तर तुम्ही कधी दिलाच नव्हता. तुमच्याकडे कुणी आलंच नव्हतं.

म्हणून आता मी विचारतो, बहुतेक पहिल्यांदाच कुणी. कोझोलेत वरच्या कुरणात हलवायला तुमची परवानगी आहे का? त्यात एक खिळा नाही, सगळ्या लाकडी खुंट्या आहेत. सुटा करून, खुणा करून, जसाच्या तसा पुन्हा उभा करता येतो. वर ऊन जास्त आहे, वाराही. १ सप्टेंबरला शाळा उघडते. त्याआधी हलवून होणार नाही हे मला कळतं, पण तुमचा होकार आला तर निदान थांबायला काही कारण राहील. सध्या मी नुसता थांबलोय.

ब्रिना मजेत आहे. रविवारी तुम्हाला भेटायला आली नाही ती सर्दीमुळे, बाकी काही नाही. फोनवर खोकताना तुम्ही ऐकलं असेल. काळजी करू नका. तुमची नात आहे, धडधाकट आहे. पहिलीला जाणार म्हणून, पोरं रस्त्यावर लांबून दिसावीत यासाठी शाळा देते तो पिवळा रुमाल आत्तापासून गळ्यात बांधून फिरते, झोपतानाही काढत नाही असं तुमची सून म्हणते. काळजीचं खरंच काही नाही.

उर्शाला या पत्राचं माहीत नाही. तिचा यात काही संबंध नाही. तिचं नाव या कागदावर जरा जास्त वेळा आलंय असं आत्ता वाचताना दिसलं, पण पुन्हा लिहायला बसलो तर हे पत्र जाणार नाही.

उत्तर द्या. शिव्या असल्या तरी चालतील.

तुमचा,
तिलेन



लिपोव्का, ७ सप्टेंबर

विंकोकाका,

तुमचं कार्ड मिळालं. म्हणजे, आधी पोस्टमनला मिळालं, मग त्याच्या बायकोला, मग खानावळीत बसलेल्या सगळ्यांना, आणि मग मला. पुढे गरम पाण्याच्या हौदाचं चित्र, मागे तुमचं अक्षर. "कोझोलेत माझ्या बापानं रोवला तिथेच राहील, स्वतःचं गवत काप." माझ्याकडे स्वतःचं गवत नाही हे तुम्हाला पक्कं माहीत आहे, म्हणून ते वाक्य लागलं. खानावळीतल्या लोकांना ते इतकं आवडलं की मी आत शिरलो की कुणीतरी म्हणतं, आला बघा, गवत कापून आला.

मी रागात आहे. लपवणार नाही. हे पत्र मी तीनदा सुरू केलं आणि तीनदा चुलीत टाकलं.

शाळा सुरू झाली. पहिल्या दिवशी बंबवाले गणवेशात रस्त्यावर उभे होते, द्रागोकाका नेमके तुमच्या वळणावर. हात वर करून ट्रक थांबवत होते आणि ट्रकवाल्यांना नावानिशी हाक मारत होते. चालत जाणाऱ्या पोरांची रांग माझ्याकडे आहे. उर्शानं दिली. चर्चपाशी पहिला थांबा, मग विहिरीपाशी, मग फाट्यावर. प्रत्येक थांब्यावर पोरं वाट बघत असतात, गळ्यात पिवळे रुमाल, पाठीवर त्यांच्याहून मोठी दप्तरं. मी पुढे चालतो, ती मागनं येत जातात आणि रांग लांबत जाते. पोरं सारखी काहीतरी विचारतात. तिलेनदादा, ट्रकला झोप येते का? तिलेनदादा, तू शाळेतून पळून आलास म्हणे? मी म्हणालो, शाळेतून नाही, कॉलेजातून. एक जण म्हणाला, मग तुला रोज आमच्याबरोबर का पाठवतात?

तुमच्या कोझोलेतपाशी आलो की मी रांग थांबवतो, रस्त्याच्या मध्यभागी उभा राहतो आणि एकेकाला पलीकडे पाठवतो. बंबवाले पहिल्या आठवड्यापुरते होते. आता मक्याची कापणी आहे, ते गेले. आता मी एकटा आहे आणि ट्रक तितकेच आहेत.

खानावळीत काय शिजलं तेही सांगतो, कारण तुम्हाला ते कुणीतरी सांगणारच. द्रागोकाकांच्या दोन पुतण्यांनी ठरवलं की तुम्ही तिकडे पाण्यात भिजत आहात तोवर शनिवारी उरकून टाकायचं. दुपारपर्यंत कोझोलेत आडवा होईल, म्हातारा आल्यावर काय करणार आहे, पुन्हा उभा करणार आहे का. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. वखारीच्या चाव्या तुझ्याकडे आहेत, म्हणाले, आणि तोंड तर जत्रेत दाखवलंच आहेस, आता हातही दाखव.

मी शनिवारपर्यंत थांबलो नाही. शुक्रवारी कामावरून सुटलो आणि लाकडी हातोडा घेऊन एकटाच गेलो.

उर्शा तिथे होती. खालच्या दांडीवर बसली होती, जशी ती लहानपणी बसायची. तिला कुणी सांगितलं ते माहीत नाही. माझ्या हातातला हातोडा बघून ती उठली आणि बाजूला झाली.

"काढ," ती म्हणाली. "पहिली खुंटी तिकडच्या खांबाची. ती सैल आहे."

"तू घरी जा."

"मी कुठे अडवतेय तुला? काढ. पण मग आमच्या अंगणात पाऊल टाकायचं नाहीस. बाबा नाही म्हणाले. त्यांना नाही म्हणायचा हक्क आहे."

"त्यांना माहीत काय आहे? काहीच माहीत नसताना म्हटलेलं 'नाही', ते 'नाही' नसतं, उर्शा."

तिनं दांडीवरून लोंबणारं गवत आत खोवलं. मग म्हणाली, "तू मला शब्द दिलायस."

मी हातोडा गवतात टाकला आणि निघून आलो. शनिवारी पुतणे आले तेव्हा मीच तिथे उभा होतो. कुणी हात लावला तर बघून घेईन म्हणालो. एकानं हसून विचारलं, बाजू बदललीस की काय. हो म्हणालो. त्यामुळे आता गावात दोन्ही बाजूंनी मला कुणी विचारत नाही.

विंकोकाका, त्या शुक्रवारपासून मला एका जागी थांबवत नाही. वखारीत दोन फळ्या वाकड्या कापल्या, तेव्हा मालकानं मशीन बंद केलं आणि मला घरी पाठवलं. घरी आलो तर आई विचारते काय झालं. परत बाहेर पडलो. फाट्यापर्यंत जाऊन आलो. आता इथे बसलोय.

मारिबोरचं कॉलेज मी प्राध्यापकाशी भांडून सोडलं असं सगळ्यांना सांगतो. भांडण झालं होतं, खोटं नाही, पण ते सोडायचं ठरवल्यानंतर झालं. उर्शाला आपल्या शाळेत नोकरी लागली आणि मला तिकडे एक दिवस काढवेना. एवढंच कारण. मी रस्त्यांचं शिकत होतो, कुठल्या वळणावर किती लांबचं दिसलं पाहिजे याची गणितं, आणि डोळ्यांसमोर सारखा एकच रस्ता यायचा, सायकलींच्या पुढे ती. तिला हे मी कधी बोललो नाही. गाव धरून चाललंय की आमचं आहे, आणि मीही धरूनच चालत होतो. पहिल्या पत्रात गावाला नावं ठेवली, तेव्हा हे लक्षात आलं नाही. आत्ता आलं.

हे तुम्हाला का सांगतोय ते मलाही नीट कळत नाही. बहुतेक यासाठी, की पुढचं वाक्य लिहिलं की ती मला सोडून देईल, आणि मी काय सोडतोय ते निदान एका माणसाला माहीत असावं.

ब्रिनाला सर्दी झालेली नाही. ती खोकायची ते नाटक होतं, आम्ही शिकवलेलं. आधी हे वाचा: ती बरी आहे, हसते, खाते, शाळेत जाते. तिचं खांद्याजवळचं हासळीचं हाड मोडलंय. हात गळ्यात बांधलाय, पिवळ्या रुमालाखाली. महिनाअखेरपर्यंत पट्टी सुटेल.

ऑगस्टच्या एकवीस तारखेला उर्शानं पहिलीच्या पोरांना शाळेपर्यंत चालत नेऊन आणायचं ठरवलं, सरावासाठी. मी मागे होतो. तुमच्या कोझोलेतपाशी उर्शानं रस्ता बघितला, मोकळा होता, आणि पोरांना कडेनं न्यायला लागली. ब्रिना रांगेत माझ्यापासून चार पोरं पुढे होती. ती रस्त्यावर उतरली नाही. ती वाकली, दांडीखालून आत शिरली आणि कोझोलेतच्या आतून, खांबांच्या दोन रांगांमधून, पलीकडच्या टोकाला पळाली. ते टोक थेट रस्त्यावर उघडतं. त्याच वेळी वळणावरून ट्रक आला. ड्रायव्हर सावकाश होता, त्याचा दोष नाही. गवत भरलेलं होतं. मागच्या चाकावरचा पत्रा तिला लागला आणि ती चरात पडली.

अँब्युलन्समध्ये तिला आडवं केलं होतं, उर्शा तिचा हात धरून बसली होती, मी दारात. ब्रिना रडत नव्हती. रागावलेली होती. ती म्हणाली, "मी रस्त्यानं गेलेच नाही. आजोबांनी सांगितलंय, रस्त्यानं नाही जायचं, आपल्या कोझोलेतच्या आतून जायचं. मी त्यांचं ऐकलं."

तुमच्या ऑपरेशनला तेव्हा थोडेच दिवस झाले होते. तुमचा रक्तदाब वर आहे, डॉक्टरांनी जपायला सांगितलंय, म्हणून उर्शानं आम्हा सगळ्यांकडून तुम्हाला न सांगण्याचा शब्द घेतला. मला वाटतं कारण रक्तदाब नाही. कारण ते वाक्य आहे. तुम्ही ते ऐकू नये म्हणून ती घरभर धावतेय.

पण मी तिथे रोज उभा असतो. रोज एखादं पोर वाकायला बघतं, कारण आत सावली आहे, गवताचा वास आहे आणि रस्त्यावर ट्रक आहे. कुठल्याही पोराला आतूनच जावंसं वाटेल. तुम्ही तिला चुकीचं सांगितलं नाहीत, काका. फुटपाथ नाही म्हटल्यावर मीही माझ्या पोराला तेच सांगितलं असतं. तुमच्या वडलांनी तो रोवला तेव्हा त्या रस्त्यानं बैलगाड्या जात होत्या. त्यांनीही चुकीचं काही केलं नाही. आम्ही तुम्हाला विचारलं नाही, तेवढं मात्र चुकलं.

आता विचारून झालंय, आणि तुम्हाला सगळं माहीत आहे. आता तुम्ही 'नाही' म्हणालात तर ते खरंखुरं 'नाही' असेल. मी पुन्हा हातोडा उचलणार नाही.

टपालपेटी चर्चसमोर आहे. मी उठतोय.

तिलेन



लिपोव्का, २८ सप्टेंबर

प्रिय विंकोकाका,

जखम पुन्हा चिघळल्यामुळे तुमचा मुक्काम वाढला, हे द्रागोकाकांकडून कळलं. तिकडच्या मुलीला अजून ओरडता की आता तीच तुम्हाला ओरडते?

तुम्ही द्रागोकाकांना फोन केलात तो त्यांनी खानावळीत, सगळ्यांच्या मध्ये उभं राहून घेतला. त्यांना ऐकू कमी येतं म्हणून ते तुमचं प्रत्येक वाक्य मोठ्यानं परत म्हणत होते. कोझोलेत हलवा. गवत आधी उतरवा. प्रत्येक खांबावर खडूनं खूण करा. वरच्या कुरणात, लांब बाजू उन्हाकडे. कौल फुटलं तर ज्यानं फोडलं त्यानं आणून द्यायचं. मग ते थोडं थांबले आणि म्हणाले, "आणि वखारीतल्या त्या पोरानं एकाही लाकडाला हात लावायचा नाही." सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, ठीक आहे, सांगा त्यांना.

ठीक नव्हतं. तो सगळा शनिवार कसा काढला ते माझं मला माहीत. अर्धं गाव आलं, आयांनी जेवणं आणली, पोरं गवतात लोळली, आणि मला त्यांनी वळणावर उभं केलं, हातात ट्रक थांबवायची लाल थाळी देऊन, कोझोलेतकडे पाठ करून. मागे ठोकाठोकी चाललेली. खुंटी कुठल्या बाजूनं मारतात ते मला आवाजावरून कळतं. ते उलट्या बाजूनं मारत होते. एकदा न राहवून ओरडलो. द्रागोकाका म्हणाले, तू ट्रक बघ. मी ट्रक बघितले. एका ट्रकवाल्यानं काच खाली करून विचारलं, काय रे, कुणाचं लग्न आहे का? नाही म्हणालो.

एवढं जमलं. दुपारनंतर तर मला बरंही वाटायला लागलं. वळणाच्या पार पलीकडून येणारा ट्रक मला दिसत होता, लांबून, सावकाश मोठा होत. मारिबोरला ज्याची गणितं केली ते मी पहिल्यांदा डोळ्यांनी बघितलं. हे अंतर कागदावर फार लहान दिसतं.

पुढच्या शनिवारी वर उभा केला. तीन कौलं फुटली, द्रागोकाकांच्या पुतण्यांनी आणून दिली. बाजूनं थोडा कललाय असं मला वाटतं, पण मला बोलायचा अधिकार नाही. खाली गावसमितीनं खडी टाकली, बर्फ पडायच्या आत सिमेंट होईल म्हणतात. मात्यश रोज येऊन तिच्यावर चालून बघतो, जणू स्वतःच टाकली.

उर्शाबद्दल लिहायलाच हवं, कारण तुम्ही तिचे बाप आहात. तुमचा फोन आला त्या दिवशी ती वखारीत आली. करवत चालू होती, ती दारात उभी राहिली, मी बंद करेपर्यंत. भुशानं तिचे केस भरले. म्हणाली, "बाबांनी मलाही फोन केला. रडले. मी त्यांना कधी रडताना ऐकलं नव्हतं, आई गेली तेव्हाही नाही." आणि गेली. त्यानंतर ती माझ्याशी फक्त रांगेपुरतं बोलते. सगळे आलेत. एक कमी आहे. त्याची नाडी सुटली आहे. आता ती सायकलवाल्यांना पोचवून परत येते आणि चालणाऱ्यांच्या शेवटी राहते, मी पुढे. आमच्यामध्ये सगळ्या गावाची पोरं.

मी तिची माफी मागितली नाही. मागितली असती तर खोटं बोललो असतो. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा शब्द मोडीन, आणि हे तिला कळतं. ती रागावली आहे ती बहुतेक त्याच्यासाठीच.

ब्रिनाची पट्टी शुक्रवारी सुटली. आज ती पहिल्यांदा दोन्ही हात हलवत आली. खडीचा तुकडा आला. तिथे आता काही नाही, नुसतं आकाश आणि जमिनीत खांबांचे बुजवलेले खड्डे. मी मागे वळून बघत होतो. जिथे पहिली दांडी होती तिथे आल्यावर ब्रिना वाकली. मोकळ्या हवेत, पाठीवर दप्तर, अगदी डोकं आपटू नये अशी काळजी घेत वाकली, आणि शेवटची दांडी होती तिथपर्यंत तशीच चालत आली. मागचा पोरगा हसला, मग तोही वाकला. मग सगळेच. शाळेत जाणारी अख्खी रांग कशाखालीही नाही आणि वाकून चाललीय. वळणावरच्या ट्रकवाल्यानं लांबूनच बघितलं आणि ट्रक थांबवला, मी थाळी वर करायच्या आधी.

शेवटी उर्शा होती. तीही वाकली होती. मान खाली असल्यामुळे चेहरा दिसला नाही.

तुम्ही गुरुवारी येणार. ती तुम्हाला आणायला येईल, दोन तासांचा रस्ता आहे, गाडीत तुम्ही दोघंच असाल. माझ्यासाठी एक शब्द टाकू नका. तुम्ही टाकणार नाहीच, तरी सांगून ठेवतो. जे विचारायचं ते मीच विचारणार, तिला, समोर उभं राहून, आणि तिला नाही म्हणायचा हक्क आहे. तिनंच मला ते शिकवलं, तुमच्या कोझोलेतपाशी, हातात हातोडा असताना. कधी विचारीन ते माहीत नाही. तोवर रोज सकाळी चर्चपाशी उभा असेन.

घरी आलात की फाट्यावरच उतरा आणि घरापर्यंत चालत या, फुटपाथवरून. काठी लागली तरी चालेल. बघून घ्या.

तुमच्या एकाही लाकडाला हात न लावलेला,

तिलेन